आधी कोण? गेमिंग पोर्ट आणि रांगेचं गणित

रात्रीचे नऊ वाजलेत. मुळशी तालुक्याच्या पूर्व कडेला हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे या गावांच्या शिवारात गेल्या पंचवीस वर्षांत ज्या इमारती उभ्या राहिल्या, तिथलं घरोघरचं इंटरनेट याच वेळी सगळ्यात जास्त राबत असतं. राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये नोकरी करणाऱ्या अनेकांचं कामाचं घड्याळ अमेरिकेशी बांधलेलं असतं, म्हणून एका खोलीत आईचा व्हिडिओ कॉल चालू असतो. दुसऱ्या खोलीत बाबांचा लॅपटॉप दिवसभरातल्या फाइली क्लाउडवर चढवत असतो. हॉलमध्ये आजीची मालिका स्मार्ट टीव्हीवर चाललेली असते. आणि कॉलेजात जाणारा मुलगा हेडफोन लावून व्हॅलोरंट खेळत असतो. मध्येच तो ओरडतो, "कोण काय अपलोड करतंय? माझा पिंग दीडशेवर गेलाय!"

घरात १०० एमबीपीएसचा प्लॅन असतो आणि या खेळाला त्यातला एक एमबीपीएससुद्धा पुरा लागत नाही. तरीही खेळ अडतो. मग कोणी सुचवतं की गेमिंग राउटर घ्या. त्याच्या पाठीमागच्या चार-पाच पोर्टांपैकी एकावर 'गेमिंग' अशी खूण असते. आसुस कंपनीच्या आरटी-एएक्स८२यू किंवा आरटी-एएक्स८६यू या राउटरांवर लॅन क्रमांक १ हे असं पोर्ट आहे. त्यात खेळाच्या यंत्राची केबल खोचली की त्या यंत्राच्या माहितीला घरातल्या इतर सगळ्यांच्या आधी वाट मिळते, असं कंपनी सांगते.

ही गोष्ट खरी आहे, पण अर्धी. हे पोर्ट वेग वाढवत नाही, ते फक्त क्रम बदलतं. क्रम बदलल्याने कधी मोठा फरक पडतो आणि कधी काहीच पडत नाही. हे 'कधी' समजलं की पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही, हे आपलं आपल्याला ठरवता येतं.

खेळाला लागते ती वेळ

इंटरनेटवरची प्रत्येक गोष्ट छोट्या पॅकेटांमध्ये तुकडे होऊन जाते. नेहमीचं मोठं पॅकेट सुमारे १५०० बाइटचं असतं. चित्रपट डाउनलोड होताना अशी लाखो पॅकेटं येतात. त्यातलं एखादं शंभर मिलिसेकंद उशिरा आलं तरी बघणाऱ्याला पत्ता लागत नाही, कारण पुढचा काही सेकंदांचा भाग आधीच येऊन साठलेला असतो.

खेळाचं असं नसतं. समोरचा खेळाडू पुढच्या क्षणी कुठे वळेल हे कोणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे पुढचा भाग आधी आणून ठेवता येत नाही. व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा खेळाची स्थिती नव्याने ठरवतो, म्हणजे दर ७.८ मिलिसेकंदांनी एकदा. खेळाडूच्या यंत्राकडून जाणारी पॅकेटं छोटी असतात, पण ती वेळेवर पोचावी लागतात. उशिरा पोचलेलं पॅकेट सर्व्हरच्या दृष्टीने शिळं असतं. म्हणूनच खेळ सहसा यूडीपी या पद्धतीने बोलतात. तिच्यात हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवण्यात वेळ घालवत नाहीत.

आता अंतराचा हिशोब करू. व्हॅलोरंटचे भारतातले सर्व्हर मुंबईत आहेत. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. हिंजवडी ते मुंबई दीडशे किलोमीटर केबल धरली तर जायला पाऊण मिलिसेकंद आणि यायला पाऊण, म्हणजे एकूण दीड मिलिसेकंद. वाटेतल्या यंत्रांचे आणखी काही मिलिसेकंद त्यात मिळवा. मुंबई ते सिंगापूर सरळ अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर आहे. तिथल्या सर्व्हरवर खेळलात तर नुसत्या प्रकाशाच्या जाण्यायेण्यालाच सुमारे चाळीस मिलिसेकंद लागतील आणि ते जगातला कोणताही राउटर वाचवू शकणार नाही.

पण मुंबईच्या सर्व्हरवर खेळताना पिंग, म्हणजे पॅकेट जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, दीडशे मिलिसेकंद झाला, तर त्यातला प्रवास मोजक्या मिलिसेकंदांचाच असतो. उरलेला सगळा वेळ पॅकेटं कुठेतरी रांगेत उभी असतात. ही रांग सापडली की अर्धं काम झालं.

रांग कुठे लागते

पौड रस्त्याने पुण्याकडे जाणाऱ्याला भूगाव चांगलं ठाऊक असतं. पिरंगुटपासून गाड्या बऱ्या वेगाने येतात आणि भूगावात गावठाणाच्या अरुंद रस्त्यावर तुंबतात. पुढे चांदणी चौकात कितीही मोठे पूल बांधले तरी भूगावातून मिनिटाला जेवढ्या गाड्या सुटतात, तेवढ्याच पुढे जातात. मागची रांगही भूगावच्या मागेच लागते, पुढे नाही. इंटरनेटचं अगदी असंच आहे. वाटेत जो भाग सगळ्यात अरुंद, त्याच्या तोंडाशी रांग लागते.

घरातल्या घरात केबलवरून माहिती सेकंदाला १ गिगाबिट वेगाने राउटरपर्यंत येते. बाहेर पडताना प्लॅनप्रमाणे तिला १०० मेगाबिट किंवा त्याहून कमी वाट मिळते. येणारी वाट दहापट रुंद आणि जाणारी अरुंद, म्हणून जास्तीची पॅकेटं थांबवून ठेवायला राउटरमध्ये आणि कंपनीने बसवलेल्या फायबरच्या डब्यात स्मृतीचा एक भाग राखलेला असतो. त्याला बफर म्हणतात. त्यात पहिलं आलेलं पॅकेट पहिलं बाहेर पडतं.

बाबांच्या लॅपटॉपने दोन मेगाबाइटचा बफर भरून टाकला असं समजा. दोन मेगाबाइट म्हणजे सोळा मेगाबिट. १०० एमबीपीएसच्या वाटेने ते रिकामे व्हायला १६० मिलिसेकंद लागतात. मुलाच्या खेळाचं शंभर-दोनशे बाइटचं पॅकेट त्या रांगेच्या शेपटाला उभं राहिलं की त्यालाही १६० मिलिसेकंद थांबावं लागतं. मुलाच्या ओरडण्यामागचा दीडशेचा पिंग तो हाच. अपलोडचा वेग १० एमबीपीएस असता तर याच रांगेला दीड सेकंदाहून जास्त वेळ लागला असता.

बफर मोठा करून हे सुटत नाही, उलट बिघडतं. एके काळी यंत्र बनवणाऱ्यांना वाटायचं की एकही पॅकेट वाया जाऊ नये, आणि स्मृती स्वस्त होत गेल्यावर त्यांनी मोठमोठे बफर घातले. पॅकेटं वाचली, वेळ मात्र बुडाला. बेल लॅब्समध्ये काम करणाऱ्या जिम गेटिस यांना २०१० मध्ये आपल्याच घरच्या इंटरनेटवर हा प्रकार दिसला. त्यांनी त्याचा माग काढला आणि त्याला बफरब्लोट हे नाव दिलं.

पोर्टच्या आत काय घडतं

गेमिंग पोर्टचं काम या रांगेत दुसरी रांग तयार करण्याचं आहे. ते तीन पायऱ्यांत होतं.

पहिली पायरी ओळखीची. राउटरच्या मागची लॅन पोर्टं आत एका स्विच-चिपला जोडलेली असतात. कोणतं पॅकेट कोणत्या पोर्टमधून आत आलं हे त्या चिपला पक्कं माहीत असतं. ही ओळख अगदी स्वस्तात मिळते, कारण पॅकेट उघडून बघावं लागत नाही. आजच्या बऱ्याच माहितीला कुलूप असतं. आत खेळ आहे, कॉल आहे की चित्रपट, हे बाहेरून सांगणं कठीण झालं आहे. पोर्ट पाहून ओळखलं की हा प्रश्नच उरत नाही. लॅन १ मधून आलं म्हणजे खेळाचं, एवढा साधा नियम पुरतो.

दुसरी पायरी खुणेची. त्या पॅकेटावर राउटर आपल्या आतल्या वापरासाठी चिठ्ठी लावतो की हे वरच्या वर्गातलं आहे. पॅकेटाच्या डोक्यावरही अशा खुणेसाठी जागा राखलेली आहे. इंटरनेटच्या १९८१ च्या मूळ नियमावलीतच ती होती आणि १९९८ मध्ये तिला आजचं रूप मिळालं. सहा बिटांच्या या जागेत ६४ वेगवेगळ्या खुणा मावतात. त्यातली ४६ क्रमांकाची खूण आवाजासारख्या अजिबात थांबू न शकणाऱ्या माहितीसाठी ठरलेली आहे. मात्र आपल्या घरात लावलेली ही खूण बाहेर कोणी पाळेल याची खात्री नसते. अनेक नेटवर्कं बाहेरून आलेली खूण पुसून टाकतात किंवा तिच्याकडे लक्षच देत नाहीत. न पुसता काय करणार? नाहीतर प्रत्येकानेच आपल्या पॅकेटावर सगळ्यात वरची खूण लावली असती. म्हणून गेमिंग पोर्टची सत्ता राउटरच्या डब्यापुरतीच असते.

तिसरी पायरी सोडण्याची. बाहेर पडायच्या तोंडाशी आता दोन किंवा अधिक रांगा असतात. पुढचं पॅकेट सोडायची वेळ आली की राउटर आधी वरच्या रांगेत कोणी आहे का ते बघतो. असलं तर ते सोडतो, नसलं तर खालच्या रांगेतलं. खेळाच्या पॅकेटाच्या पुढे आता फार तर एकच परकं पॅकेट असतं, जे आधीच बाहेर पडायला लागलं आहे. १५०० बाइटचं ते पॅकेट १०० एमबीपीएसच्या वाटेने ०.१२ मिलिसेकंदात निघून जातं आणि १० एमबीपीएसच्या वाटेने १.२ मिलिसेकंदात. १६० मिलिसेकंदांची वाट एक मिलिसेकंदाच्या आसपास येते. गेमिंग पोर्टचा खरा चमत्कार तो हाच, आणि तो खोटा नाही.

या पद्धतीत एक धोका दडलेला आहे. वरच्या रांगेचा हक्क पक्का केला की खालच्या रांगेची उपासमार होऊ शकते. खेळाच्या यंत्राने फक्त खेळाची छोटी पॅकेटं पाठवली तर कोणाचंच काही बिघडत नाही. पण त्याच पीसीवर किंवा प्लेस्टेशनवर नव्या खेळाचं पन्नास गिगाबाइटचं अपडेट उतरायला लागलं, तर ते सगळं ओझंही लॅन १ चंच असतं. पोर्टला खेळ आणि अपडेट यांतला फरक कळत नाही. आईचा कॉल तुटायला लागतो आणि दोष इंटरनेट कंपनीला जातो. चांगल्या राउटरांमध्ये वरच्या वर्गालाही कमाल मर्यादा घालण्याची सोय असते. ती न वापरता नुसतं पोर्ट चालू ठेवणं म्हणजे घरातल्या एकालाच सगळे हक्क देणं.

आणखी एक किंमत मोजावी लागते. आजचे राउटर वेगवान फायबरसाठी बरीचशी पॅकेटं मुख्य प्रोसेसरला न विचारता चिपच्या पातळीवरच पुढे ढकलतात. क्रम लावायचा तर अनेक राउटरांत प्रत्येक पॅकेटाला प्रोसेसरच्या नजरेखालून जावं लागतं. त्यामुळे स्वस्त राउटरमध्ये ही सोय चालू केली की कमाल वेगच उतरलेला दिसतो.

पोर्टचं कुठे चालत नाही

भूगावात रांग लागलेली असताना पिरंगुटला खास फाटक बांधून उपयोग नाही. गेमिंग पोर्टची सगळ्यात मोठी मर्यादा हीच आहे. रांग ज्या यंत्रात लागते, त्याच यंत्रात क्रम बदलता येतो.

हिंजवडीच्या सोसायट्यांमध्ये बहुतेक ठिकाणी फायबर घरात येऊन कंपनीच्या एका डब्यात शिरतं. त्याला ओएनटी म्हणतात. आपण विकत घेतलेला गेमिंग राउटर या डब्याच्या मागे जोडला जातो आणि दोघांच्या मधली केबल १ गिगाबिटची असते. राउटरला वाटतं वाट मोकळी आहे, म्हणून तो सगळी पॅकेटं पुढे ढकलून देतो. रांग लागते ती ओएनटीमध्ये, आणि ओएनटीला लॅन १ चा काही पत्ता नसतो. महागडं पोर्ट असूनही पिंग तसाच राहतो.

यावर एकच उपाय आहे. राउटरमध्ये बँडविड्थची मर्यादा हाताने टाकायची आणि ती प्रत्यक्ष वेगापेक्षा थोडी कमी ठेवायची, साधारण नव्वद ते पंच्याण्णव टक्के. मग सगळ्यात अरुंद जागा राउटरच ठरतो, रांग त्याच्या आत लागते आणि तिथे क्रम लावायला तो मोकळा असतो. पाच-दहा टक्के वेग सोडून आपण रांगेवरचा ताबा विकत घेतो. अनेकजण ही एक पायरी गाळतात आणि मग पोर्ट निरुपयोगी आहे असं म्हणतात.

डाउनलोडच्या बाजूला काम आणखी अवघड होतं. बाहेरून येणारी रांग कंपनीच्या यंत्रात लागते आणि आपला राउटर तिच्या पलीकडे, म्हणजे खालच्या टोकाला बसलेला असतो. पॅकेटं आपल्यापर्यंत आली तेव्हा उशीर होऊनच गेलेला असतो. राउटर एवढंच करू शकतो की काही पॅकेटं मुद्दाम थोपवायची किंवा टाकून द्यायची. टीसीपी, म्हणजे हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवणाऱ्या पद्धतीने बोलणारा सर्व्हर त्यावरून ओळखतो की पुढे गर्दी आहे आणि स्वतःच हात आखडता घेतो. यात थोडा वेळ जातो, पण बऱ्यापैकी परिणाम होतो.

घराबाहेरही एक वाट सगळ्यांची मिळून असते. आपल्याकडे घराघरात पोचलेलं फायबर मुख्यतः जीपॉन पद्धतीचं आहे. तिच्यात कंपनीच्या बाजूची एकच तार काचेच्या विभाजकातून ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. खाली येणारा एकत्रित वेग सुमारे २.५ गिगाबिट आणि वर जाणारा सुमारे १.२५ गिगाबिट असतो. वर पाठवताना घरांची पॅकेटं एकमेकांवर आदळू नयेत म्हणून कंपनीचं यंत्र प्रत्येक घराला वेळेचे तुकडे वाटून देतं. शेजाऱ्यांच्या गर्दीत आपल्या गेमिंग पोर्टला तिथे कोणी ओळखत नाही.

वायफायचा भागही पोर्टच्या हाताबाहेरचा आहे. सोसायटीत एकाच भिंतीच्या दोन्ही बाजूंना डझनभर वायफाय असतात आणि २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यांनाच एकमेकांचं बोलणं संपेपर्यंत थांबावं लागतं. वायफायमध्येही आवाज, चित्र, साधी माहिती आणि मागे चालणारं काम असे चार वर्ग २००५ पासून ठरलेले आहेत, पण हवेतली गर्दी त्यामुळे जात नाही. गेमिंग पोर्ट घेतल्यावर अनेकांना जो फरक जाणवतो, त्यातला बराचसा वाटा खुणेचा नसून केबलचा असतो. हवा सोडून तार धरली की थांबणंच संपतं. साध्या लॅन पोर्टमध्ये केबल खोचूनही तेवढा फायदा मिळतो.

तालुक्याच्या पश्चिमेला चित्र वेगळं आहे. पौड सोडून मुळशी धरणाच्या कडेने ताम्हिणीकडे गेलं की वस्त्या विरळ होतात, डोंगर उभे राहतात आणि पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो. तिथे मोबाइलच्या टॉवरवरून चालणाऱ्या इंटरनेटवर घर भागवायचं म्हटलं, तर वाट सेकंदागणिक रुंद आणि अरुंद होत राहते. राउटरमध्ये ३० एमबीपीएसची मर्यादा टाकली आणि पुढच्या क्षणी टॉवरने १२च दिले, तर रांग पुन्हा टॉवरच्या बाजूला जाऊन उभी राहते. अशा ठिकाणी एकदा ठरवलेला आकडा चालत नाही. पिंगवर नजर ठेवून मर्यादा आपोआप कमीजास्त करणारी सॉफ्टवेअरं लागतात. ती आज मोफत मिळतात, पण गेमिंग राउटरच्या डब्यावर त्यांचा उल्लेख क्वचितच असतो.

रांग छोटी ठेवणारी माणसं

क्रम बदलण्यापेक्षा चांगला उपाय म्हणजे रांग वाढूच न देणं. या विचारामागे चाळीस वर्षांचं काम आहे आणि त्यात आपल्याकडे शिकलेल्या माणसांचाही मोठा वाटा आहे.

ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यामधला वेग अचानक सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. दोन ठिकाणांत अंतर होतं फक्त चारशे यार्ड. प्रत्येक यंत्र हरवलेली पॅकेटं पुन्हा पुन्हा पाठवत होतं आणि त्याने गर्दी आणखी वाढत होती. व्हॅन जेकबसन यांनी यावर काम करून १९८८ मध्ये टीसीपीला गर्दी ओळखून स्वतःहून आवरतं घेण्याची शिस्त लावून दिली. इंटरनेट आज चालतं ते या शिस्तीवर.

पण शिस्त न पाळणाऱ्याचं काय? १९८९ मध्ये ॲलन डिमर्स, श्रीनिवासन केशव आणि स्कॉट शेंकर यांनी न्याय्य रांगेची कल्पना तपशीलवार मांडली. केशव हे दिल्लीच्या आयआयटीचे पदवीधर. प्रत्येक प्रवाहाला आपली वेगळी रांग द्यायची आणि सगळ्यांना आळीपाळीने संधी द्यायची, असा त्यांचा विचार होता. एकाने कितीही पॅकेटं ओतली तरी त्याची स्वतःचीच रांग लांबते, दुसऱ्याची नाही. अडचण अशी की हे गणित त्या काळच्या वेगवान यंत्रांना महाग पडत होतं. १९९५ मध्ये एम. श्रीधर आणि जॉर्ज वर्गीस यांनी त्याची सोपी रीत काढली. वर्गीस हे मुंबईत पवईच्या आयआयटीतून १९८१ मध्ये बाहेर पडलेले अभियंते. त्यांच्या रीतीत प्रत्येक रांगेला फेरीगणिक ठरावीक बाइटांची मुभा मिळते आणि न वापरलेली मुभा पुढच्या फेरीसाठी शिल्लक राहते. एवढ्या साध्या हिशोबाने छोट्या आणि मोठ्या पॅकेटांना सारखा न्याय मिळतो आणि राउटरला दर पॅकेटामागे अगदी थोडं काम करावं लागतं.

२०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल ही पद्धत पुढे आणली. रांगेत किती पॅकेटं आहेत हे ती मोजत नाही, प्रत्येक पॅकेट किती वेळ थांबलं ते मोजते. सलग १०० मिलिसेकंदांच्या काळात थांबणं ५ मिलिसेकंदांच्या खाली आलंच नाही, तर एक पॅकेट टाकून देते. पाठवणारा ते ओळखून सावकाश होतो आणि रांग आटोक्यात येते. त्याच वर्षी एरिक द्युमाझे यांनी कोडेल आणि आळीपाळीची रीत एकत्र करून लिनक्समध्ये एफक्यू-कोडेल आणली. डेव्ह टॅट यांनी ही गोष्ट घरोघरच्या स्वस्त राउटरांपर्यंत पोचवण्यासाठी आयुष्याची कित्येक वर्षं दिली. त्यांचं निधन १ एप्रिल २०२५ रोजी झालं. आपल्यातल्या कितीतरी जणांचे कॉल न तुटता चालतात त्यात त्यांचा हात आहे, हे फार थोड्यांना माहीत आहे.

एफक्यू-कोडेलमध्ये गेमिंग पोर्टचं काम वेगळं सांगावंच लागत नाही. ती माहिती आपोआप १०२४ रांगांमध्ये विभागते. ज्या प्रवाहाची पॅकेटं अधूनमधून येतात आणि ज्याची स्वतःची रांग साचत नाही, त्याला ती पुढे जाऊ देते. खेळाची, आवाजाची आणि पत्ता विचारणाऱ्या छोट्या प्रश्नांची पॅकेटं याच प्रकारची असतात. कोणतीही खूण नाही, खास पोर्ट नाही, तरी खेळ पुढे जातो आणि आईचा कॉलही. खेळाच्या पीसीने मोठं अपडेट सुरू केलं तर ते अपडेट आपल्या वेगळ्या रांगेत उभं राहतं. एकाला हक्क देऊन दुसऱ्याला उपाशी ठेवण्यापेक्षा ही पद्धत मला कितीतरी जास्त न्यायाची वाटते.

क्रम कोणी ठरवायचा

आधी कोण, हा प्रश्न आपल्या घराच्या दारापर्यंत आपला असतो. कोणाचा कॉल महत्त्वाचा आणि कोणाचा खेळ थांबू शकतो, हे घरातली माणसं बोलून ठरवू शकतात. दाराबाहेर हाच प्रश्न सार्वजनिक होतो. कंपनीने पैसे घेऊन एखाद्याच संकेतस्थळाला किंवा एखाद्याच खेळाला पुढे काढायचं ठरवलं तर?

भारताने याबाबत स्पष्ट भूमिका घेतली आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, यांनी ८ फेब्रुवारी २०१६ रोजी माहितीच्या प्रकाराप्रमाणे वेगवेगळे दर लावायला बंदी घातली. २८ नोव्हेंबर २०१७ रोजी त्यांनी सेवा देतानाही भेदभाव नको अशी शिफारस केली आणि जुलै २०१८ मध्ये दूरसंचार आयोगाने ती मान्य केली. गर्दी सांभाळण्यासाठी वाजवी व्यवस्थापन करता येतं, पण कोणाच्या माहितीला मुद्दाम मागे ठेवता येत नाही. त्यामुळे गेमिंग पोर्टसारखा पक्षपात करण्याचा अधिकार घरमालकाला आहे, कंपनीला नाही. मला ही विभागणी योग्य वाटते. घरातला पक्षपात घरातल्यांना दिसतो आणि जेवताना बोलून बदलता येतो. कंपनीने केलेला पक्षपात कोणाला दिसतच नाही.

घरी काय करावं

राउटर विकत घेण्याआधी मोजून बघा. घरात कोणी काही वापरत नसताना संगणकावरून एखाद्या जवळच्या सर्व्हरला पिंग करा आणि आकडा लिहून ठेवा. मग एक मोठी फाइल क्लाउडवर चढवायला लावा आणि ती चढत असताना पुन्हा पिंग करा. हेच डाउनलोड करतानाही करा. दोन्ही आकड्यांत पाच-दहा मिलिसेकंदांचाच फरक असेल तर तुमच्या घरात रांगेचा रोग नाही. अडचण असलीच तर ती बाहेर आहे आणि कोणतंही पोर्ट ती सोडवणार नाही. फरक पन्नास, शंभर किंवा त्याहून जास्त असेल तर रांग तुमच्याच जोडणीवर आहे आणि ती आवरणं तुमच्या हातात आहे.

मग पहिलं काम केबलचं. खेळाचं यंत्र वायफायवर असेल तर ते तारेने जोडा, कोणत्याही लॅन पोर्टला. दुसरं, राउटरमध्ये अपलोड आणि डाउनलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या नव्वद टक्क्यांवर ठेवा. तिसरं, राउटरमध्ये एफक्यू-कोडेल किंवा केक या नावाची रांगपद्धत असेल तर ती चालू करा. ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत सॉफ्टवेअर चालणाऱ्या अनेक राउटरांवर ती मिळते. चौथं, बॅकअप आणि मोठी अपडेटं रात्री उशिराच्या वेळेवर लावा. एवढं करून पुन्हा मोजा. बहुतेक घरांत गरज इथेच संपते.

हे सगळं केल्यावरही घरात एकाच यंत्राला पक्का अग्रक्रम हवा असेल, उदाहरणार्थ स्पर्धेत उतरणारा खेळाडू असेल किंवा घरून रुग्ण तपासणारे डॉक्टर असतील, तर गेमिंग पोर्ट जरूर वापरा. डॉक्टरांचा लॅपटॉप त्यात खोचला तरी चालतो, पोर्टला खेळ ओळखता येत नाही. मात्र वरच्या वर्गाला कमाल मर्यादा घालायला विसरू नका, म्हणजे घरातल्या बाकीच्यांची माहितीही वाहती राहील. खोक्यावरच्या 'गेमिंग' या शब्दाला पैसे मोजण्याआधी आपल्या घरातली रांग मोजा. त्या मोजणीला एक पैसाही लागत नाही.